दहावीला मार्क मुलींचे जास्त आणि स्वप्नं मात्र मुलांची मोठी, असं का होतं?

रानवाट:

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात हायस्कूलला गणित शिकवतो, नववी-दहावीचे वर्ग, सोळा वर्षं झाली. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारतोय. जरा लांबलंय पण वाचा.

मागच्या शनिवारी दहावीच्या वर्गावर एक ऑफ तास मिळाला. पोरांना म्हटलं छोट्या चिठ्ठ्या करा, नाव टाकू नका, फक्त मुलगा की मुलगी एवढं लिहा आणि आजपासून पाच वर्षांनी तुम्ही काय करत असाल ते एका ओळीत लिहा. सहज म्हणून केलं होतं, म्हटलं निरोप समारंभाला वाचून दाखवू. पण घरी येऊन चिठ्ठ्या उघडल्या आणि रात्री जेवण गेलं नाही.

मुलांच्या चिठ्ठ्यांत पोलीस, आर्मी, स्वतःची जेसीबी, पुण्यात कंपनी, एकाने तर आमदार लिहिलंय. यातली निम्मी पोरं सहामाहीला गणितात काठावर आहेत, काही काठाच्याही खाली. मुलींच्या चिठ्ठ्यांत शिक्षिका, नर्स, दोघी-तिघी डॉक्टर, आणि सात-आठ चिठ्ठ्यांवर जवळजवळ एकच वाक्य, "घरचे म्हणतील ते". यातल्या बहुतेक मुली ऐंशीच्या पुढे आहेत.

आणि एक चिठ्ठी होती, "बारावी झालेली असेल". नाव नव्हतं पण सोळा वर्षं वह्या तपासतोय, अक्षर ओळखू येतंच. वर्गात पहिली येणारी मुलगी आहे ती, भूमितीचं प्रमेय पुस्तकापेक्षा वेगळ्या रीतीने सिद्ध करून दाखवते. पाच वर्षांनी ती वीस-एकवीस वर्षांची असेल, म्हणजे बारावी होऊन तीन वर्षं उलटलेली असतील. त्या तीन वर्षांबद्दल चिठ्ठीत काहीच नाही.

आम्हाला बीएडला शिकवलं होतं की आकांक्षा मोठी असेल तर मूल अभ्यास करतं आणि मार्क वाढतात. माझ्या वर्गात तर उलटं दिसतंय, मोठं स्वप्न कमी मार्क, छोटं स्वप्न जास्त मार्क. मग स्वप्नाचा आणि मार्कांचा संबंध आहे की नाही? आणि मुलगा-मुलगी म्हणून तो वेगवेगळा चालतो का? कुणी याचा अभ्यास केला असेल किंवा स्वतः यातून गेलं असेल तर सांगा. मला चिठ्ठ्या परत करायच्यात आणि काहीतरी बोलायचंय वर्गात, काय बोलू तेच सुचत नाहीये.

---

आकडेमोड:

सर, तुमचा वर्ग काही वेगळा नाही, अख्ख्या राज्याचं चित्र तेच आहे. २०२५ ला दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला, त्यात मुली ९६.१४ आणि मुलं ९२.३१. बारावीला मुली ९४.५८ आणि मुलं ८९.५१, म्हणजे पाच टक्क्यांचा फरक. दरवर्षी पेपरात "यंदाही मुलींचीच बाजी" हेडिंग येतं, पेढ्यांचे फोटो येतात आणि विषय तिथेच संपतो.

पण याच्या पुढचे आकडे शेजारी ठेवून बघा. २०२५ च्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला ५४,३७८ जण पात्र ठरले, त्यात मुली किती, ९,४०४. जेमतेम सहातली एक. आयआयटीत मुली एवढ्या कमी होत्या की २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढाव्या लागल्या. कुणी म्हणेल मुलींना सायन्सच झेपत नाही, तर तसंही नाही, कारण २०२४ च्या नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, २४ लाखांच्या आसपास फॉर्म आले त्यात १३ लाखांच्या वर मुलींचे होते, मुलांपेक्षा जास्त. म्हणजे अवघड परीक्षेला मुली घाबरतात हेही खरं नाही. त्या कुठल्या परीक्षेला बसतात हे आधीच ठरलेलं असतं, फरक तिथे आहे.

असर म्हणजे ग्रामीण शिक्षणाची देशभरातली पाहणी, तिचा २०२३ चा अहवाल मिळाला तर वाचा, तो १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांवर होता. स्वतःच्या भाषेतला दुसरीचा परिच्छेद वाचणाऱ्या मुली ७६ टक्के आणि मुलं ७०.९ टक्के. गणितात आणि इंग्रजीत मात्र मुलं थोडी पुढे. अकरावीपासून पुढे सायन्स-टेक्निकल बाजूला मुलं ३६.३ टक्के आणि मुली २८.१. त्यातच अजून एक गोष्ट होती, स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेली मुलं ४३.७ टक्के आणि मुली १९.८. आता मला सांगा, कुठला कोर्स आहे, कुठल्या परीक्षेचा फॉर्म कधी सुटतो हे सगळं आज फोनवर कळतं, तर स्वप्न कुणाचं लांबचं असणार?

एक लक्षात ठेवा की पास होण्याची टक्केवारी म्हणजे हुशारी नव्हे. नियमित बसून अभ्यास करणारा पास होतो, आणि तो गुण मुलींमध्ये जास्त दिसतो. का दिसतो याचं उत्तर आकड्यात मिळत नाही, ते मुलींनीच सांगावं.

---

मैदानी:

सर मी सातारा जिल्ह्यातला, अकॅडमीत आहे, पोलीस भरतीची तयारी करतोय, हा माझा दुसरा चान्स. तुमच्या मुलांबद्दल बोलतो कारण मी तसलाच होतो, दहावीला ५१ टक्के.

तुम्ही म्हणता स्वप्न मोठं आणि मार्क कमी. पण सर त्या स्वप्नाला मार्क लागतच नाहीत ना. पोलीस शिपायाला बारावी पास पाहिजे, बास, मग पन्नासला का ऐंशीला कुणी विचारत नाही. मैदान ५० मार्कांचं, सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा, आणि लेखी १०० ची. अग्निवीर जीडीला दहावी ४५ टक्के चालतात. हे आम्हाला नववीतच माहीत असतं, गावातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं, कारण गावातलं कोण ना कोण भरती झालेलं असतं आणि सुट्टीवर आलं की रस्त्यावर पळताना दिसतं. मग मी बीजगणित का करू, मी पहाटे पाचला उठून पळायचो आणि वर्गात झोपायचो. मास्तर म्हणायचे याला ध्येय नाही. ध्येय होतं ओ, पण ते गणिताच्या वाटेवर नव्हतं.

लेखीला अंकगणित आणि बुद्धिमत्ता आलं तेव्हा माझी वाट लागली. पहिल्या भरतीत मैदानाला ४४ घेतले आणि लेखीत बाहेर. आता इथे शेकडेवारी शिकतोय, जी सातवीत होती. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की बाबा तुझ्याच भरतीत हे येणार आहे तर मी केलं असतं. "अभ्यास कर मोठा होशील" हे सांगायचे, पण भरतीची जुनी प्रश्नपत्रिका वर्गात आणून हा प्रश्न बघ आणि हे आपलं प्रकरण बघ असं नाही कुणी दाखवलं. तुम्ही दाखवा सर, काठावरची पोरं बसतील अभ्यासाला, लिहून ठेवा.

आणि आमच्या अकॅडमीत पोरीपण आहेत, सरकारी नोकरीत ३० टक्के जागा आहेत ना त्यांना. त्या मैदान मारून रूमवर येऊन परत पुस्तक घेतात. आम्ही नाही घेत, खरं बोलतो.

---

शमी_वृक्ष:

मी लातूर जिल्ह्यातली, आता पुण्यात एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे, नऊ वर्षं झाली. आकडेमोड यांनी लिहिलंय की मुली नियमित अभ्यास का करतात ते मुलींनीच सांगावं, तर सांगते.

आम्ही भीतीने अभ्यास करायचो. स्वप्न वगैरे नंतर. आमच्या गल्लीत दहावीला जी नापास झाली तिचं त्या उन्हाळ्यात लग्न झालं, आणि जिला कमी पडले तिला "तिचं काय डोकं चालत नाही, कशाला खर्च करायचा" म्हणून घरी बसवलं. माझ्या भावाला दहावीला ५८ पडले तर घरात एक आठवडा आरडाओरडा झाला आणि मग त्याला शहरात क्लास लावला. मला ९३ पडले तेव्हा माझी अकरावी मंजूर झाली. मंजूर हाच शब्द वापरला होता आमच्या आजोबांनी. म्हणजे त्याचे ५८ हा सुधारायचा विषय होता आणि माझे ९३ हा परवाना होता. दर वर्षी नव्याने काढायचा परवाना. सहामाहीला घसरले असते तर संपलं होतं, म्हणून मी कधी घसरले नाही. सर, तुमच्या ऐंशीच्या पुढच्या मुलींचे मार्क बघताना हे डोक्यात ठेवा, त्यातले काही मार्क शाळा सुटू नये म्हणून कमावलेले असतात.

आता मोठं स्वप्न का बघत नाही ते. बारावीला मला पहिल्या प्रयत्नात जेईईत पाहिजे तसं जमलं नाही. अगदी थोडं राहिलं होतं. एक वर्ष रिपीट केलं असतं तर झालं असतं असं क्लासच्या सरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं. बाबा वाईट माणूस नाहीत, माझ्यावर जीव आहे त्यांचा, पण ते म्हणाले एक वर्ष गेलं तर वय वाढतं. भावाने नंतर दोन वर्षं रिपीट केली. त्याच्या वयाचा विषय एकदाही निघाला नाही. रिपीट करणाऱ्यांच्या हॉस्टेलांत मुलं किती आणि मुली किती हे लातूरला कुणीही सांगेल.

ज्याला एकच बॉल खेळायला मिळणार आहे तो षटकार मारायला जात नाही हो, तो बॅटला बॉल लागू दे एवढंच बघतो. "घरचे म्हणतील ते" लिहिणारी मुलगी आळशी नाही आणि मठ्ठ तर नाहीच. तिला माहीत असतं की मोठं काही बोलून दाखवलं आणि ते नाही झालं तर तेच वाक्य पुढे पाच वर्षं ऐकवलं जाणार आहे. म्हणून ती बोलतच नाही. तुमच्या त्या पहिल्या येणाऱ्या मुलीने "बारावी झालेली असेल" लिहिलं कारण तेवढंच तिला मंजूर झालेलं आहे. त्याच्या पुढचं तिच्या मनात नाही असं समजू नका. कदाचित खूप असेल, पण कागदावर लिहायची सोय नाही, कारण त्या कागदावरचं अक्षर सर ओळखतात हे तिलाही माहीत आहे.

रागाने लिहिलंय असं वाटलं तर माफ करा. तुमची पोस्ट वाचून ऑफिसमध्ये डोळे भरून आले माझे.

---

रानवाट:

ताई, माफी कसली. तुमचं दोनदा वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली माझंही असंच होतं, तुम्ही कधी विचारलं नाही. लग्नाला चौदा वर्षं झालीत.

आणि मैदानी दादा, तुझं म्हणणं शंभर टक्के पटलं. उद्याच भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका मागवतो.

---

बाभूळबन:

एक अभ्यास आहे सर, तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा. २०१२ मध्ये सायन्स या साप्ताहिकात आला होता, एस्थर डुफ्लो आणि तिच्या सहकाऱ्यांचा, त्याच बाई ज्यांना २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जागा होती पश्चिम बंगालमधला बीरभूम जिल्हा, ४९५ गावं. तिथे १९९३ च्या कायद्यानंतर एक तृतीयांश पंचायतींचं प्रधानपद बायकांसाठी राखीव झालं, आणि कुठली गावं राखीव हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं, त्यामुळे तुलना करता येत होती.

त्यांनी आईबापांना आणि ११ ते १५ वयाच्या मुलामुलींना विचारलं की मुलाने किती शिकावं, मुलीने किती शिकावं, लग्न कधी व्हावं, काम काय करावं. साध्या गावात आईबापांची मुलाबद्दलची अपेक्षा मोठी आणि मुलीबद्दलची छोटी, आपल्याकडे आहे तसंच. पण ज्या गावात दोन टर्म लागोपाठ बाई प्रधान होती तिथे हे अंतर आईबापांमध्ये २५ टक्क्यांनी आणि मुलामुलींमध्ये ३२ टक्क्यांनी कमी झालं. शिक्षणातलं मुलगा-मुलगी अंतर तर तिथे पुसलंच गेलं. मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला. नव्या शाळा काढल्या किंवा मुलींना काही खास दिलं म्हणून हे झालं असं त्यांना दिसलं नाही. ग्रामसभेत खुर्चीवर बसलेली, सही करणारी, भांडणारी एक बाई रोज डोळ्यांसमोर होती, त्यांच्या मते परिणाम तिचा होता. अजून महत्त्वाचं म्हणजे एकाच टर्मने फारसं काही हललं नाही, दोन टर्म लागल्या. एकदा बघून मन बदलत नाही.

म्हणून मला वाटतं "आकांक्षा वाढवा" म्हणून भाषण करून काही होत नाही. मैदानी म्हणतोय ना की सुट्टीवर आलेला फौजी रस्त्यावर पळताना दिसतो, तेच आहे हे. मुलाला पुढचं पाऊल दिसतं कारण त्या पावलावर कुणीतरी उभं असतं. तुमच्या गावातून इंजिनिअर झालेली, वकील झालेली, बँकेत लागलेली एखादी मुलगी आहे का? ती वर्षातून एकदा शाळेत येते का? आपल्याकडे पंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे, पण कागदावर सरपंच बाई आणि ग्रामसभेत बोलणार नवरा असं असेल तर मुली कुणाकडे बघणार?

---

एसटीचा_पास:

सगळे स्वप्न स्वप्न करताय, मी कंडक्टर आहे १९ वर्षं. अहिल्याबाई होळकर योजनेतला मुलींचा मोफत पास आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत, त्यामुळे बारावीपर्यंत पोरी येतात, गाडी भरून येतात. संध्याकाळची गाडी लेट झाली की दुसऱ्या दिवशी त्या गावच्या दोन पोरी कमी दिसतात. आठवडाभर लेट झाली की कायमच्या कमी होतात. पोरं ट्रॅक्टरवर बसून, कुणाच्या गाडीला हात करून जातात. कुणाला गाडी वेळेवर सोडायची ताकद असेल तर ती पण वापरा, एवढंच सांगतो.

---

गव्हाची_ओंबी:

थोडं वेगळं बोलू का. सगळे मुलींबद्दल बोलताय ते बरोबरच आहे, पण मुलग्यांकडे कोण बघणार? मी ऊसतोड पट्ट्यातली आहे, बीड जिल्हा, अंगणवाडी सेविका. आमच्याकडे दिवाळी झाली की कोयता उचलून लोक कारखान्यावर जातात ते उन्हाळा लागल्यावर परत. मुलगा चौदा-पंधराचा झाला की त्याला "आता बाप्या झाला" म्हणतात आणि तो बापासोबत जातो, नाहीतर एमआयडीसीत ठेकेदाराकडे. शाळेच्या रजिस्टरला नाव असतं. दहावीला तो बसतो आणि पडतो, आणि मग पेपरात येतं मुली पुढे. मुलगा मागे पडला म्हणजे त्याची काळजी नाही असं होऊ नये.

मुलीचं तर काय सांगू. आईबाप कारखान्यावर गेले की वयात आलेली मुलगी घरी कुणाकडे ठेवायची हा प्रश्न, म्हणून लग्न. सरकारच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ वाली, वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या बीडला ४३.७ टक्के आणि सर तुमच्या परभणीला ४८ टक्के निघाल्या होत्या. पूर्ण राज्याचा आकडा २१.९ आहे. अर्ध्या वर्गाचं लग्न अठराच्या आत होणार असेल तर त्या वर्गातली मुलगी पाच वर्षांनंतरचं काय लिहील? तिने "बारावी झालेली असेल" लिहिलं ना, मला तर ते वाचून बरं वाटलं. निदान बारावीपर्यंत ती अडून बसणार आहे असा त्याचा अर्थ मी घेते.

माझी स्वतःची मुलगी आठवीला आहे, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवलंय तिला, लागली तर नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात. पैशापेक्षा, परीक्षा पास झालेली मुलगी म्हटलं की भावकी जरा गप्प बसते, म्हणून बसवलंय.

---

आकडेमोड:

गव्हाची_ओंबी ताई, बरोबर पकडलंत. मी वर निकालाचे आकडे दिले तेव्हा जे परीक्षेलाच बसले नाहीत त्यांचा विचार केला नव्हता. जी मुलगी नववीतच संपली ती त्या ९६ टक्क्यांच्या हिशोबात नाहीच. निकाल हा टिकलेल्यांचा असतो, आणि ज्या भागात मुलींना टिकायला जास्त झगडावं लागतं तिथे टिकलेल्या मुली आधीच जिद्दी असणार.

---

शमी_वृक्ष:

परत आले कारण एक राहिलं. सर, तुम्ही वर्गात मुलींना शाबासकी कशी देता ते एकदा बघा. आमचे गणिताचे सर चांगले होते पण मला म्हणायचे "मुलगी मेहनती आहे" आणि माझ्या शेजारच्या मुलाला, ज्याला माझ्यापेक्षा पंधरा मार्क कमी पडायचे, त्याला म्हणायचे "डोकं आहे याला, अभ्यास करत नाही". वीस वर्षं झाली, अजून आठवतं. मी खरोखर समजत होते की माझ्याकडे डोकं नाही आणि मी फक्त घासते. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी एक अवघड विषय आला तेव्हा मला वाटलं झालं, आता मेहनत पुरणार नाही. तो शेजारचा मुलगा तोच विषय नापास झाला आणि हसत म्हणाला पुढच्या वेळी निघेल. मी ६८ घेऊन रडत होते.

---

रानवाट:

ताई, हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. कारण मी हेच म्हणतो. अगदी याच शब्दांत, "मुलींचं घासून असतं, पोरांचं डोकं चालतं पण बूड टेकत नाही". स्टाफरूममध्ये म्हणतो आणि वर्गातही म्हणालो असेन. जी मुलगी प्रमेय स्वतःच्या रीतीने सोडवते तिला मी मागच्या महिन्यात "व्वा, किती छान अक्षर" म्हणालो होतो. अक्षर!

काल आणि आज जे केलं ते सांगतो. काल मैदानीचं ऐकून भरतीच्या लेखीतले पंधरा प्रश्न फळ्यावर लिहिले आणि शेजारी आपल्या पुस्तकातल्या प्रकरणांची नावं लिहिली, शेकडेवारी, काळ-काम-वेग, सरासरी. मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा पुढे येऊन बसली. एक जण म्हणाला सर हे आधी का नाही सांगितलं.

आज गावातल्या एका माजी विद्यार्थिनीला फोन केला, माझ्याच हाताखालची, ती आता महावितरणमध्ये आहे. तिला वर्गाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं. वीस मिनिटं बोलली, सगळा वेळ हेल्मेट घालून सबस्टेशनच्या आवारात उभी होती. मुलींनी तिला काय विचारलं माहितीये का, पगार नाही विचारला, नोकरी कशी मिळते तेही नाही. पहिला प्रश्न आला, "ताई घरच्यांना कसं सांगितलं?" आणि दुसरा, "हॉस्टेलला पहिल्या रात्री रडू आलं का?" बाभूळबन, तुम्ही म्हणता दोन टर्म लागतात, म्हणून तिच्याकडून दर महिन्याला यायचं कबूल करून घेतलंय.

तास संपल्यावर ती "बारावी झालेली असेल" वाली मुलगी वह्या उचलायच्या निमित्ताने थांबली. म्हणाली सर माझी चिठ्ठी परत द्या, मला बदलायची आहे. मी दिली. काय लिहिलं मला माहीत नाही, तिने दाखवली नाही आणि मी मागितलीही नाही. पण जाताना म्हणाली, पप्पा रविवारी घरी असतात.

तर आता मला रविवारी जायचंय. भाषण करायला नाही जाणार, हिशोब घेऊन जाणार. राज्याने २०२४ मध्ये निर्णय काढलाय की ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीमधल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुली कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, व्यावसायिक कोर्सला गेल्या तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. फीचा प्रश्न त्याने सुटतो, पण तिचे पप्पा फीचं विचारणारच नाहीत असं मला वाटतंय. ते विचारतील राहणार कुठे, जेवणार कुठे, रात्री हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, आणि भावकीला काय सांगू. पहिल्या तिन्हींची माहिती मी सरकारी मुलींच्या वसतिगृहात फोन करून काढतोय. चौथ्याचं काय सांगू?

---

शमी_वृक्ष:

चौथ्याचं तुम्ही नका सांगू, त्यांना ते मास्तराकडून पटणार नाही. माझे बाबा सांगतील. आत्ताच त्यांना फोन केला, सगळं वाचून दाखवलं, रिपीटचं लिहिलेलं पण वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले त्या माणसाला माझा नंबर दे, म्हणावं रविवारी दहानंतर कधीही लावा, मी घरीच आहे. नंबर तुम्हाला खाजगी मेसेज केलाय, बघा.

---

एसटीचा_पास:

सर तुमचं गाव कुठल्या डेपोत येतं तेवढं सांगा.